अरुंधतीचा सहावा मजला

'अरुंधती' नावाच्या अंतराळयानात संडास कुठे आहे, यावरून बोरीवलीच्या एका वाचनालयात दोन शिकलीसवरलेली माणसं पाच आठवडे एकमेकांशी बोलत नव्हती. हसायचं तर खुशाल हसा. सत्याऐंशी साल होतं, माणसं याहून फालतू गोष्टींवरून भांडत होती आणि निदान या भांडणात कोणाचं डोकं फुटत नव्हतं.

अरुंधती हे यान एका मराठी साप्ताहिकात उडायचं. दर आठवड्याला दोन पानं. लेखक टोपणनावाने लिहायचा आणि माणसं अशी रंगवायचा की ती आपल्या शेजारच्या बिऱ्हाडात राहतात असं वाटावं. जागेच्या बाबतीत मात्र गडी ढिसाळ. सात मजल्यांचं यान, दीडशे माणसं, आणि एका भागात कप्तान स्वयंपाकघरातून निघून उजवीकडे चाळीस पावलांवर सुकाणूघरात पोचायचा, तर दुसऱ्या भागात डावीकडे साठ पावलांवर. शेवटी वाचकांनीच कंबर कसली. जिना कुठे, दवाखाना कुठे, पाण्याची टाकी कितव्या मजल्यावर, याचे तर्क पत्रांतून छापून येऊ लागले. गावोगावचे लोक नकाशे पाठवू लागले. त्यात बोरीवलीचं टोळकं नावाजलेलं.

टोळकं म्हणजे तिघंच. नंदकिशोर सर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे आणि गुरुत्वाकर्षणाशिवाय एक पाऊल टाकायचे नाहीत. अनुपमा बँकेत होती. तिने प्रत्येक भागातलं प्रत्येक दार, पायरी आणि खिडकी एका जाड वहीत उतरवून ठेवली होती. संडासावरून भांडलेली ती हीच दोघं. आणि तिसरा दत्ताराम. चोपन्न वर्षांचा, मूळचा मालवणकडचा, सव्वीस वर्षं गिरणीत काढलेला. संपात गिरणी गेली, लालबागची खोली विकली, आणि आता चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात तो हजेरी लिहायचा. शिक्षण सातवी. पण संडासाचा निकाल लावला तो त्यानेच. पाण्याची टाकी जिथे, मोरी तिथे, असं म्हणून त्याने चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यात फुली मारली, आणि दोन महिन्यांनी छापून आलं तेही तंतोतंत तसंच. तेव्हापासून दत्तारामभाऊंचा शब्द खाली पडायचा नाही. सर तर त्यांना 'मुख्य अभियंते' म्हणायला लागले.

एवढं त्याला कसं कळायचं? त्याचं गुपित अगदी साधं होतं, आणि ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच भागात लिहिलं होतं, खालच्या मजल्यांवर ओलसर उकाडा, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि माणसं ओठांच्या हालचालीवरून एकमेकांचं बोलणं ओळखतात. हे वाचून दत्ताराम ताडकन उठून बसला होता. साचाखात्यात असंच तर असायचं. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. चारशे साचे एका छपराखाली खडखडायचे. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायची, आणि बोलायचं ते ओठांनी आणि बोटांनी. कसलं आलंय अंतराळयान, ही तर आपली गिरण, असं त्याने त्याच वेळी ठरवून टाकलं. दोन वर्षं तो कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर अरुंधती म्हणून आपली गिरणीच काढत होता. ती पुन्हा पुन्हा बरोबर येत होती. लेखकाने जन्मात गिरणी पाहिली होती की नाही देव जाणे.

फक्त सहावा मजला त्याच्या नकाशात कोरा होता. यानाचे मजले वरून खाली मोजायचे, आणि पाचव्याला लागून, एका भिंतीपलीकडे, चार पायऱ्यांएवढा खाली तो मजला होता असं छापून आलं होतं. दत्तारामने भिंत काढली आणि पलीकडे नुसतं 'इतर यंत्रं' असं लिहून ठेवलं. बाकीच्यांना वाटायचं, माणूस नम्र आहे, माहीत नाही ते लिहीत नाही.

खरी गोष्ट अशी होती की भिंतीपलीकडे रिंगखातं होतं, जिथे सूत निघायचं, आणि सव्वीस वर्षांत त्याने तिथे पाय ठेवला नव्हता. साचाखात्यात जुनी रीत होती. धोट्यात, म्हणजे साच्यावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून कोणाचं तोंड लागलेलं चालतं आणि कोणाचं चालत नाही, हे आधीपासून ठरलेलं. दलितांना, ते पुढे बौद्ध झाले तरी, साचाखात्यात घेत नसत, त्यांना रिंगखातं. मधल्या भिंतीत एक लहान लोखंडी दार होतं. त्याची कडी साचाखात्याच्या बाजूने. पुढे हाताने ओवायचे धोटे आले, युनियन आली, सभेत सगळे एका सतरंजीवर बसू लागले, पण ती कडी काही कोणी काढली नाही. कोणी काढू नका म्हणालं नव्हतं, आणि कोणी काढा असंही म्हणालं नव्हतं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात, दिवसपाळीला, रिंगखात्यात आग लागली. बाकीचे मोठ्या दरवाजाने सुटले. भाऊराव नावाचा एक कामगार धुरात गुदमरून मेला, आणि सापडला तो त्या लोखंडी दारापाशी. तिसऱ्या दिवशी गवंडी आला, दारात विटा भरल्या, वर चुना फिरवला. पंधराव्या दिवशी चौकशीचे साहेब आले. साचाखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून त्यांनी दत्तारामला विचारलं, इथून पलीकडे जायला वाट आहे का. दत्तारामने भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, नाही साहेब, भिंत आहे. त्या दिवशी ती भिंतच होती, म्हणजे आपण खोटं बोललो नाही, असं तो स्वतःला आठ वर्षं सांगत आला. अहवालात लिहिलं गेलं की भाऊराव घाबरून उलट्या दिशेने पळाला. जिकडे वाट नव्हती तिकडे.

आणि आता साप्ताहिकाच्या एकशे बाराव्या भागात अरुंधतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली.

केसर नावाची यंत्रज्ञ बाई तीन सोबत्यांसह आत अडकली. वरच्या जिन्यावर ज्वाळा. कप्तान म्हणाला, तिथून दुसरी वाट नाही. भाग तिथेच संपला आणि खाली चौकटीत संपादकांनी आवाहन छापलं: आजवरच्या मजकुरावरून सिद्ध करा, सहाव्या मजल्यावरून वाट आहे की नाही. सर्वांत पक्का नकाशा लेखक प्रमाण मानील, आणि केसर त्याप्रमाणे जगेल किंवा मरेल.

दत्तारामने चौकट वाचली. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. सुगंधा, त्याची बायको, ताट परत नेताना म्हणाली, "त्या इमानातली माणसा मेली तर मरांदेत. तुम्ही कित्याक सुतकात बसलास?" त्याने नवा कागद घेतला, पाचव्या आणि सहाव्या मजल्यामधली भिंत दुहेरी रेघेने काढली आणि शाईने गडद केली. त्याला केसर मरायला नको होती. पण जगाच्या पाठीवर एक तरी जागा त्याला अशी हवी होती, मग ती कागदावरची का असेना, जिथे ते दार मुळात नव्हतंच.

रविवारी सकाळी वाचनालयात त्याने भिंतीचा मुद्दा असा मांडला की सर माना डोलवत राहिले. अनुपमाने वही उघडून त्याला सहा पुरावेही काढून दिले. सह्या करून सोमवारी पाकीट टाकायचं, असं ठरतच आलं होतं. तेवढ्यात नंदा आली.

तिला सरांनीच बोलावलं होतं. साप्ताहिकात तिचं एक पत्र त्यांनी वाचलं होतं. वीस-बावीसची पोरगी, दिंडोशीला आईबरोबर राहायची, गोरेगावात एका आर्किटेक्टकडे ट्रेसरचं काम करायची. तिने काखेतली गुंडाळी सोडली आणि ट्रेसिंग पेपर टेबलावर पसरला. सरांनी नुसतं 'वा' केलं. रेघा कशा, तर छापल्यासारख्या. तिने सहावा मजला भरून काढला होता, खांबांसकट, यंत्रांच्या रांगांसकट, कोपऱ्यातल्या पिंपासकट. पाचव्या मजल्याच्या जागी काहीच नव्हतं. तिथे तिने लिहिलं होतं, 'पलीकडचं माहीत नाही.' आणि मधल्या भिंतीत, डावीकडून चौथ्या खांबाला लागून, एक दार होतं.

दत्तारामने खांब मोजले. अकरा. आपल्या बाजूनेही ते अकराच होते, आणि दार चौथ्याच खांबाशी होतं. तो ठासून म्हणाला की इथे दार असल्याचं कुठेच छापलेलं नाही.

नंदा गडबडली नाही. तिने सतरावा भाग काढायला सांगितला. त्यात केसर याच भिंतीला टेकून डबा खाते आणि तिच्या पायाला गार वारा लागतो. दत्ताराम म्हणाला, झरोका असेल. तिने अडतिसावा भाग काढायला सांगितला. त्यात म्हातारा तेलवाला भिंतीखालच्या फटीत चिंधी कोंबतो. अनुपमाने वही चाळली आणि कबूल केलं की ही चिंधी तिच्या नजरेतून सुटली होती.

"भिंतीखाली फट कशाला असेल, काका?" नंदा म्हणाली. "फट दाराखाली असते."

सरांनी चष्मा काढून पुसला. पोरीचं म्हणणं बिनतोड होतं. त्यांनी कौतुकाने विचारलं, एवढं बारीक कुठून सुचलं. तेव्हा नंदाने जे सांगितलं ते तिने अगदी सरळ सांगितलं, डोळ्यांत पाणी वगैरे काही न आणता. तिचे बाबा भाऊराव गिरणीत रिंगखात्यात होते. लहानपणी ते तिला पाटीवर खातं काढून दाखवायचे, इथे खांब, इथे पिंप, आणि इथे एक दार, पलीकडून बंद. ते आगीत गेले. कागदावर आलं की घाबरून चुकीच्या बाजूला पळाले. आई आजही म्हणते, तुझे बाबा एवढे डोक्याने शांत, ऐन वेळी असे कसे भांबावले.

"हे यान खोटं आहे, मला कळतं," ती म्हणाली. "पण ते दाराकडेच गेले होते, हे कुठेतरी छापून यावं, एवढंच वाटतं."

वाचनालयात पंखा फिरत होता आणि कोपऱ्यात कोणीतरी वर्तमानपत्र उलटत होतं. अनुपमाने नंदाच्या खांद्यावर हात ठेवला. सर म्हणाले, मग निर्णय दत्तारामभाऊंनीच द्यावा, पाचवा मजला त्यांचा आहे. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दत्तारामने दोन्ही नकाशे गोळा केले, संध्याकाळपर्यंत सांगतो असं पुटपुटला आणि नंदाकडून पत्ता मागून घेतला. मान वर करून तिच्याकडे बघायचं काही त्याला जमलं नाही.

घरी येऊन त्याने दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. कडा जुळल्या. खांबाला खांब लागला. आयुष्यात कधी न पाहिलेलं रिंगखातं त्याच्या साचाखात्याला येऊन भिडलं, आणि त्याच्या गडद भिंतीवर तिचं दार आलं. तो बघत बसला. मनात म्हणाला, पोरगी आठवणीने काढतेय, आठवणीला काय धरून बसायचं. मग म्हणाला, आता कोणाला काय फरक पडतो. मग म्हणाला, नकाशात दार द्यावं आणि गप्प बसावं, पोरगी खूश, केसर खूश, विषय संपला. हे शेवटचं त्याला इतकं सोयीचं वाटलं की त्याची त्यालाच किळस आली. नुसतं दार देऊन भागणारं नव्हतं. दार होतं, हे सांगणारा माणूस द्यायला हवा होता.

सुगंधा वाकून बघत होती. त्याने तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. निदान त्याला तरी ते सगळंच वाटलं. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि मग हळू म्हणाली, "आठ वर्सा माज्या शेजारी निजलास, आणि ह्या पोटात ठेवलास?" तिने त्याचा धुतलेला सदरा काढून दिला.

दिंडोशीला तो पोचला तेव्हा ऊन कलतं होतं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या शेजारी हार घातलेला भाऊरावचा फोटो. नंदाने खुर्ची पुढे केली. राधाबाई, तिची आई, आतून पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आल्या. लांबून आलात, म्हणाल्या. दत्तारामने पेला घटाघटा रिकामा केला. त्यांनी न विचारता पुन्हा भरला. तोही तो प्यायला.

मग त्याने कागद पसरले आणि सांगितलं. आपण त्याच गिरणीत साचाखात्यात जॉबर होतो. दार होतं, याच जागी होतं. आगीनंतर तिसऱ्या दिवशी विटांनी भरलं. चौकशीत वाट नाही असं सांगणारा माणूस आपणच. भाऊराव भांबावला नव्हता. तो नीट विचार करून सगळ्यांत जवळच्या दाराकडे गेला होता. हे सगळं तो जमिनीकडे बघत, पाठ केल्यासारखं बोलला.

नंदाने पेन पुढे केलं. "लिहून द्या," ती म्हणाली. "साप्ताहिकासाठी नाही. आमच्यासाठी."

दत्तारामने तिच्या नकाशाच्या पाठीवर लिहिलं. दार होते. कडी साचाखात्याच्या बाजूने होती. मी खोटे सांगितले. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. राधाबाईंनी तो कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं, पण त्यांनी तो नंदाकडून वाचून घेतला, दोनदा. ऐकून त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, मी उगाच त्यांना बोल लावला. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

दत्ताराम उठायला लागला. खरं तर तो सुटला होता. छाती हलकी झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. तेवढ्यात राधाबाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कामावर होतात?"

होतो, तो म्हणाला.

"दार वाजवलं असेल ना त्यांनी?"

चारशे साचे चालू असताना कानाशी कोणी ओरडलं तरी ऐकू येत नाही, हे त्याने सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. इथे थांबला असता तर कोणालाही काही कळलं नसतं. सुगंधालाही त्याने इथवरच सांगितलं होतं. पण राधाबाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि ती नजर त्याला चुकवता येईना. तो पुन्हा खुर्चीवर बसला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "दिसलं. कडी हलत होती. जोरजोरात हलत होती. मी समोरच उभा होतो."

नंदाने तोंडावर हात घेतला.

"रिंगखात्यातलं पिंप उन्हाळ्यात आटायचं," तो सांगत गेला, थांबता येत नव्हतं म्हणून. "आमच्याकडे गार पाण्याचा नळ होता. कधी कधी तिकडची माणसं दार वाजवायची. आम्ही उघडायचो नाही. जुन्या लोकांपासूनच उघडत नव्हतो. त्या दिवशी कडी हलली तर मला वाटलं, पाणी मागतायत. मी तोंड फिरवलं आणि दुसऱ्या साच्याकडे गेलो."

बाहेर कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. राधाबाईंनी विचारलं, पण ते विचारल्यासारखं नव्हतं, आवाज अगदी साधा होता.

"पाणीच मागत असते, तरी उघडायला नको होतं का?"